तयारी मुलाची आणि विमानतळाची

७ मे २०२२ रोजी रांचीच्या विमानतळावर एका खासगी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी एका अपंग मुलाला विमानात प्रवेश नाकारला. मूल भेदरलेले आहे, त्याला आत घेणे सुरक्षित नाही, असे कारण देण्यात आले. सहप्रवाशांनी, त्यांतील डॉक्टरांनीही, रदबदली केली. ती व्यर्थ गेली आणि आईवडील मुलासह मागे राहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी करून कंपनीस पाच लाख रुपये दंड केला. कर्मचाऱ्यांनी अधिक कनवाळूपणे वागून मुलाला शांत केले असते तर हे टोकाचे पाऊल टळले असते, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी जुलैमध्ये नियम बदलला. आता केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही विमान नाकारता येत नाही. उड्डाणात प्रकृती बिघडेल अशी शंका कंपनीस आलीच, तर डॉक्टरने प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून मत द्यावे लागते.

दंड झाला, नियम सुधारला. मूळ प्रश्न मात्र उरलाच आहे. जे मूल गोंगाटाला, गर्दीला, अनोळखी स्पर्शाला घाबरते, त्याने विमानतळाला साजेसे होऊन यावे, की विमानतळाने त्याला सामावून घेण्याची तयारी ठेवावी?

स्वमग्नता हा आजार नव्हे. ती मेंदूच्या घडणीतील भिन्नता आहे. अनेक स्वमग्न मुलांना आवाज व प्रकाश इतरांहून कितीतरी तीव्र जाणवतात आणि रोजचा क्रम मोडला की त्यांचा आधारच सुटतो. विमानतळावर तर क्रम पावलोपावली मोडतो. ध्वनिक्षेपक अखंड चालू असतो, रांग का थांबली हे कळत नाही, गणवेशातील परका माणूस अंगाला हात लावतो. आवडते खेळणे ट्रेमध्ये ठेवून यंत्राच्या पडद्याआड जाते आणि ते पलीकडून परत येणार आहे हे मुलाला ठाऊक नसते. विमान उतरताना कानात दडे बसतात ते निराळेच. हे सारे साचत जाऊन मूल किंचाळते, जमिनीवर आडवे पडते. पाहणारे त्याला हट्ट म्हणतात आणि आईच्या शिकवणीला बोल लावतात. वस्तुतः तेथे हट्टही नसतो आणि शिकवणीचा दोषही नसतो.

पालक आपल्या परीने तयारी करीतच असतात. अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी एक पद्धत रूढ केली: पुढे काय घडणार, कोणत्या क्रमाने घडणार, हे साध्या वाक्यांत व चित्रांत मुलाला आधीच सांगून ठेवायचे. प्रवासाच्या काही आठवडे आधीपासून अशी वही रोज वाचली जाते. घरातल्या टेबलावर चादर टाकली की तपासणीचे यंत्र तयार होते; खेळणे एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते, हे मूल पुनःपुन्हा पाहते आणि हळूहळू निर्धास्त होते. खुर्चीला ओढणी बांधून पट्ट्याची सवय केली जाते. आवाज अडवणारे हेडफोन, ओळखीची चादर, उतरताना चघळायला खाऊ, सारे पिशवीत भरले जाते. नियमाप्रमाणे कंपनीस ४८ तास आधी कळवलेही जाते.

परंतु घरातल्या सरावाला मर्यादा आहे. आपल्याकडे तिकिटाविना विमानतळाच्या आत सहसा प्रवेशच मिळत नाही; मग मुलाला ती जागा आधी दाखवणार कशी? बोस्टनच्या लोगन विमानतळावर २०११ साली यावर मार्ग निघाला. स्वमग्न मुलांना घेऊन कुटुंबे आली, सामान दिले, तपासणीतून गेली आणि उभ्या असलेल्या विमानात बसून घरी परतली. या रंगीत तालमीत कर्मचारीही शिकले. पुढे अमेरिकेतील इतर विमानतळांनी हा उपक्रम उचलला. लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये, न दिसणारे अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी सूर्यफुलाचे चित्र असलेली गळ्यातील फीत सुरू केली. बंगळूरच्या विमानतळानेही ती स्वीकारली आहे. मात्र फीत ओळखणारा माणूस समोर नसेल, तर ती नुसती शोभेची वस्तू ठरते.

हा समोरचा माणूस कोण, याचा विचार कार्यकर्त्यांनी विशेषत्वाने करावयास हवा. मुलाची गाठ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांशी पडते, कंपनीच्या नोकरांशी पडते, तशीच कंत्राटी कामगारांशीही पडते. उशीर झाला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. घाबरलेल्या मुलाला दहा मिनिटे देण्याचा अधिकार त्या कामगाराला कोणी दिलेला नसतो. मग आई आणि कामगार, दोघेही घड्याळाचे बंदे, एकमेकांसमोर उभे ठाकतात. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे असे नियमात आहेच. त्याबरोबर थांबण्याची मुभाही त्यांना मिळाली पाहिजे.

कायदा या मागणीच्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. त्याच वर्षी जीजा घोष यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीस दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मेंदूच्या पक्षाघाताशी झुंजत कार्य उभारणाऱ्या या विदुषीला २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्यातील परिषदेस जाताना विमानातून उतरवण्यात आले होते. तरीही अपंगांची सोय म्हटले की व्यवस्थेला उतरंड आणि चाकांची खुर्ची एवढेच सुचते. धडधाकट पायांच्या मुलाला खुर्चीचा काय उपयोग?

विमान ही श्रीमंतांची चैन, तिची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी, असे कोणी विचारील. त्याने मुंबईच्या विमानतळावर आखातात निघालेल्या कामगारांच्या रांगा पाहाव्यात. शिवाय एस.टी. स्थानकावर, लोकलमध्ये, सरकारी रुग्णालयात तोच गोंगाट आणि तीच रांग असते. तेथे अडवणारा नसला तरी सावरणाराही नसतो. पैसा, मनुष्यबळ आणि नियम हाताशी असलेल्या विमानतळावर जे होत नाही, ते एस.टी. स्थानकावर आपोआप होईल काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेल परिसरातील गावांच्या जमिनी त्याखाली गेल्या आहेत; चालक खासगी असला तरी त्याची सार्वजनिक जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. तेथे, तसेच मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यातील विमानतळांवर, स्वमग्न मुलांसाठी वर्षातून ठरावीक सरावाचे दिवस ठेवावेत, शांत प्रतीक्षाकक्ष असावा आणि प्रत्येक कंत्राटात कामगारांच्या प्रशिक्षणाची अट घालावी. पालकांच्या संस्था आणि कामगार संघटना यांनी ही मागणी एकत्र मांडली पाहिजे, आणि त्यांना एकत्र आणण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. पालकांनी आपल्या वाट्याची तयारी केव्हाच केली आहे.