सुपरमॅन मालेगावचा, हिशेब कोणाचा?

टेमघरमध्ये तरावीहची नमाज आटोपली की चहाच्या टपरीवर पोरांचे मोबाइल उजळतात. २०२५च्या रमजानमध्ये त्यांत 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'च्या झलकी फिरत होत्या. मालेगाव हे भिवंडीसारखेच यंत्रमागांचे गाव. मागावर राबणारा एक किडकिडीत मजूर निळे कपडे घालून, पाठीला लाल कापड बांधून उडतो, यातली गंमत इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तरीही तो चित्रपट थिएटरात जाऊन पाहिलेले फार थोडे. चित्रपट आला २८ फेब्रुवारीला आणि पहिला रोजा झाला २ मार्चला. रमजानभर अनेक मुस्लिम कुटुंबे थिएटरची पायरी चढत नाहीत. ज्या वस्तीची ही कथा, ती वस्तीच नेमकी गैरहजर राहिली. ईदचा मुहूर्त मोठ्या नायकांचा. त्या वर्षी तो ३० मार्चला आलेल्या सलमान खानच्या 'सिकंदर'ने धरला होता.

मूळ घटना खरी आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. कॅमेरा सरकवायला सायकल, उंचावरून चित्रण करायला बैलगाडी. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमाग कामगार. या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी २००८मध्ये माहितीपट केला. तो भारतातल्या थिएटरांत २०१२मध्ये लागला; शफीक त्याआधीच, २०११मध्ये कर्करोगाने गेला होता. मालेगाव म्हटले की बाहेरच्यांना दंगली आणि २००६ व २००८चे बॉम्बस्फोट आठवत. त्याच गावातली माणसे स्वतःवर हसताना पहिल्यांदाच दिसली. शिवाय खर्च थोडका आणि प्रेक्षक गावातलाच, त्यामुळे नफा-तोट्याचा हिशेबही गावातच मिटत असे.

बाजार मोठा झाला की हा हिशेब बदलतो. अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीने २०१४मध्ये 'मिस मार्व्हल' ही कॉमिक मालिका सुरू केली. नायिका कमला खान ही जर्सी सिटीत राहणाऱ्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली शाळकरी मुलगी. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन, दोघीही मुस्लिम. पहिल्या खंडाला २०१५मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. तरीही २०१७मध्ये मार्व्हलच्या विक्री विभागाच्या उपाध्यक्षांनी दुकानदारांचा हवाला देत, वाचकांना विविधता नको आहे, असे सांगितले. टीका झाल्यावर त्यांना खुलासा करावा लागला. तिथे कॉमिकच्या दुकानदाराला अंक आगाऊ मागवावे लागतात आणि न खपलेले सहसा परत घेतले जात नाहीत. म्हणून तो ओळखीच्याच नायकाचा माल उचलतो. नव्या वाचकाला मात्र त्या दुकानाचा पत्ताही ठाऊक नसतो. त्याची मागणी तिथल्या वहीत उमटणार कशी?

२०२२मध्ये कमलावर वेब मालिका आली. फरहान अख्तरने तीत छोटी भूमिका केली होती. 'सुपरबॉईज'च्या निर्मात्यांतही तो आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये 'द मार्व्हल्स' या चित्रपटात कमला तीन नायिकांपैकी एक होती. जगभरात सुमारे २० कोटी डॉलर जमले, पण एवढ्या महागड्या चित्रपटाला ते पुरले नाहीत. कलाकारांचा संप चित्रपट लागण्याच्या आदल्या दिवशी मिटला, त्यामुळे जाहिरातीला त्यांना फिरताच आले नाही. तरी बोट दाखवले गेले ते बाया आणि अल्पसंख्याक पात्रांकडे. त्याच वर्षी 'द फ्लॅश' आपटला. त्यात नायक गोरा, म्हणून गोरे नायक चालत नाहीत, असे कोणी म्हटले नाही.

केवळ आपल्या नावाचे पात्र आहे म्हणून तिकीट काढावे, असे बंधन अर्थातच कोणावर नाही. चित्रपट फसला असेल तर तो पडावा. पण एका नायकाचे अपयश त्याच्या एकट्याचे आणि दुसऱ्याचे मात्र सगळ्या समाजाचे, ही वजनकाट्यातली खोट आहे. तिचा परिणाम पुढच्या पटकथेवर होतो. ती वाचायच्या आधीच बाजूला ठेवली जाते.

टेमघरच्या मागवाल्याला हे नवे नाही. मजुरीवर विणताना सूत व्यापाऱ्याचे, भावही व्यापाऱ्याचा. माल पडून राहिला की नाव कापडाला. मोबाइलवर झलक पाहणाऱ्या पोरांपैकी काहींनी ईदनंतर थिएटरात जायचे ठरवले होते. तोवर चित्रपट पडद्यावर उरला तरच त्यांचे तिकीट हिशेबात येणार होते. नाही तर वहीत एवढेच लिहिले जाणार होते, की मालेगावची गोष्ट पाहायला कोणी आले नाही.