मूल कुणाकडे राहणार?

संगमेश्वर तालुक्यातील एका भगिनीने आम्हांस विचारले आहे : "नवरा मुंबईला असतो. चार वर्षांचा मुलगा माझ्याजवळ आहे. गावच्या मंडळींनी बसून सोडचिठ्ठी केली, तेव्हा स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले की शाळेचे वय झाले की मुलगा बापाकडे द्यायचा. आता द्यावाच लागेल का?" नाव छापू नये अशी तिची विनंती आहे. प्रश्न मात्र तिच्या एकटीचा नाही.

त्या कागदाने न्यायालय बांधले जात नाही. आईबापांनी काय ठरवले ते न्यायाधीश वाचतील, पण निकाल देतील तो मुलाचे हित पाहून. मुले ही आईबापांच्या मालकीची वस्तू नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात बजावले आहे. गावकीत भांडीकुंडी वाटावीत तशी पोरे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कायदे दोन. एक १८९० चा पालक व पाल्य कायदा, दुसरा १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा. दुसऱ्याचे नाव वाचून आपल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आमच्याही पडतात. पण कलम ३ प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. नावाच्या रागापायी हक्क सोडून कसे चालेल?

या कायद्याचे कलम ६ सांगते की पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल साधारणपणे आईकडे असावे. यावरून पुष्कळांचा समज होतो की सहावे लागले की मूल आपोआप बापाचे. तसे मुळीच नाही. कलम १३ ने मुलाचे कल्याण सर्वांच्या वर ठेवले आहे. त्याच कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून "बाप आणि त्याच्यानंतर आई" असे शब्द आहेत. त्यांचा धाक बायकांना फार घातला जातो. पण विदर्भातील जिजाबाई गजरे खटल्यात, वीसेक वर्षे वेगळ्या राहिलेल्या आणि मुलीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या बापाऐवजी आईच पालक, असे १९७० साली ठरले. पुढे १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात "नंतर" म्हणजे केवळ बापाच्या मृत्यूनंतर नव्हे, असा अर्थ लावला गेला.

मग न्यायाधीश पाहतात तरी काय? मुलाचे वय, आजवर त्याचे खाणेपिणे, दुखणेखुपणे कोणी काढले, शाळा कुठे आहे, घरात दारू-मारहाण आहे का. समजत्या वयाच्या मुलाला स्वतः विचारूही शकतात. बापाचा पगार मोठा म्हणून मूल त्याच्याकडे, असे होत नाही. मूल आईकडे राहिले तरी खर्च बापाने द्यायचाच. उलट, बाप जीव लावणारा असेल आणि आईकडून हेळसांड होत असेल तर मूल बापाकडेही जाते. ज्याच्याकडे मूल नाही त्याला भेटीचे दिवस ठरवून मिळतात. परिस्थिती बदलली तर हुकूमही बदलून मागता येतो.

आपल्या कोकणात आणखी एक घोळ असतो. बाप कल्याणला, आई माहेरी, आणि पोर आजीजवळ! दावा लावायचा कुठे? पालकत्वाचा अर्ज मूल नेहमी जिथे राहते तिथल्या न्यायालयात चालतो. म्हणजे या भगिनीला मुंबईच्या फेऱ्या मारण्याचे कारण नाही, रत्नागिरी जिल्ह्यातच काम होईल. मात्र कोणीही मुलाला गुपचूप उचलून दुसऱ्या गावी नेऊ नये. न्यायाधीशांच्या मनातून माणूस उतरतो तो अशाने.

वकिलाच्या फीची धास्ती नको. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. जाताना मुलाचा जन्मदाखला, अंगणवाडीची किंवा शाळेची नोंद, दवाखान्याचे कागद आणि तो स्टॅम्पपेपरही सोबत न्यावा.