ओल्या लाकडाचा भाव

माझी जुनी मोटरसायकल आंबा घाट कशी चढते, यावर या सदरात एवढं लिहून झालंय की संपादकांनी आता मानधन त्या गाडीच्याच नावानं काढावं. पण या आठवड्यात बांबवड्यात चहा पिताना बाकावरच्या दोन पोरांचं भांडण कानावर आलं आणि राहवलं नाही.

"पेट्रोलात इथेनॉल वाढल्यापास्नं ॲव्हरेज पार बसलंय," एकाची तक्रार.

"आरं, इथेनॉल आपल्याच उसाचं हाय. शिव्या कुणाला द्यायलाईस?"

पहिला गप्प. ऊसबिलाचा हप्ता अजून पडायचा होता, त्यामुळं टपरीवरचं दुसरंही कुणी तोंड उघडेना.

दोघंही खरंच बोलत होते. हिशेब लाइटबिलातल्या युनिटात मांडतो. मेगाज्यूल म्हटलं की आमच्या घरात पेपराची घडी होते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे ९ युनिट उष्णता निघते, डिझेल जळलं की १०, आणि इथेनॉल ६ च्या आतच आटोपतं. म्हणून २० टक्के इथेनॉलच्या लिटरात उष्णता ७ टक्क्यांच्या आसपास कमी भरते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळं त्याच्यासाठी बांधलेलं इंजिन त्यातलं थोडं भरून काढतं. बाकीच्या गाड्यांत ३ ते ६ टक्के घट येते, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. आणि डिझेलचा मोठेपणा? किलोवर तोला, पेट्रोल-डिझेल दोन्ही १२ युनिटांच्या घरात. डिझेल जड, म्हणून लिटरात जास्त मावतं, एवढंच.

माझा राग इथेनॉलवर नाहीच. तो मापावर आहे. आपल्याला हवी असते उष्णता, आणि ती सोडून बाकी सगळं मोजून देतात. पेट्रोल लिटरवर, सिलिंडर १४.२ किलोचा, सीएनजी किलोवर, वीज युनिटवर. गिऱ्हाइकानं तुलना करूच नये, अशी ही पक्की सोय. वजनात बघाल तर हायड्रोजनसारखा राजा नाही, किलोला ३३ युनिट! पण तो किलोभर वायू साध्या दाबाला साठवायचा तर अकरा-बारा हजार लिटरची टाकी पाहिजे.

शेणीचं तर आणखीनच निराळं. ती नगावर. होळीच्या सुमारास कोल्हापुरातली तालमी-मंडळं पंचगंगा स्मशानभूमीला शेणी दान करतात, तीही मोजून. शेण किती, भुसा किती, वाळली किती, याची चौकशी तिथं कोण करणार? दान घेणाऱ्यानं करू नये आणि ज्याच्यासाठी आलं तो करू शकत नाही.

खरी फसवणूक मात्र लाकडात. आमच्याकडं गॅस आहे, तरी अंघोळीचं पाणी बंबातच तापतं. आत्याचा हट्ट. (आत्या माहीत नसलेल्या वाचकांनी मागचे अंक काढावेत.) तिच्या मते ऐनाची एक मोळी सावरीच्या दोन मोळ्यांना भारी. यावर मी तिला शास्त्र सांगायला गेलो की वाळलेलं कुठलंही लाकूड किलोला साधारण ४ युनिटच देतं, ऐन असो की सावर. ती म्हणाली, "मग सावर किलोवर घ्यावी, ऐन मोळीवर." बंबात एका वेळी लाकडं मावतात किती, ते ठरलेलं; तेवढ्याच जागेत ऐन जवळजवळ दुप्पट वजनाचा बसतो. वजन आणि आकारमान यांतला फरक शिकवायला मास्तरांनी आम्हाला किती छड्या मारल्या होत्या!

ही सगळी गणितं वाळक्या लाकडाची. आमच्या मुलखात पावसाळ्यात वाळकं काही राहतं का? ओल्या ओंडक्यात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी आपण लाकडाच्या भावानं विकत घेतो, आणि मग त्याची वाफ करायला उरलेल्या लाकडाचीच आग खर्च करतो. अशा किलोतून हाती दोन युनिटांच्या वर फारसं लागत नाही. गुऱ्हाळवाले हे चांगलं ओळखून असतात. चिपाड उन्हात पसरून खडखडीत वाळवल्याशिवाय चुलवाणात जात नाही, आणि अवकाळी पावसानं चिपाड भिजलं की ऊस दारात असूनही गुऱ्हाळ बंद. कारखान्याचा बॉयलर ओलं चिपाड खातो खरा, पण किलोला त्यालाही दोनच युनिट मिळतात.

तर परवा लाकूडवाला टेम्पो घेऊन आला. भर पावसातला माल, वर ताडपत्रीचा नुसता देखावा. त्यानं काटा लावला. आत्यानं दोन ढलप्या घेऊन एकमेकींवर आपटल्या. वाळक्या लाकडाचा खणखणीत आवाज आला नाही, भद्द वाजलं.

"आत्याबाई, वजनात एक किलो इकडं-तिकडं न्हाई," तो म्हणाला.

"न्हाईच की. तू आत्ता तोल, लिहून ठेव, आनि माडीवर रचून जा," आत्या म्हणाली. "दिवाळीला ये. पुन्ना तोलू. तवा जेवढं भरंल, तेवढ्याचं पैसं."

टेम्पो तसाच उलटा वळला. आता बंबाला काय घालायचं, हा प्रश्न माझ्यावर आलाय, आणि आत्याची नजर माझ्या पेपरांच्या रद्दीवर आहे.