तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्याच्या जिल्ह्यात

हिंगोलीकरांनो, कुत्र्यानं भाकरी पळवली तर कोरडी खाऊ नको म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, अशी ज्यांची कथा आपण लेकरांना सांगतो ते नामदेव महाराज आपल्या नर्सीचे. आणि आपण? दगड घेऊन धावतो, वर 'सगळी उचला' म्हणून निवेदनं देतो.

उचलून टाकणार कुठं? दुसऱ्या गावाच्या शिवारात?

२०२३ च्या नियमांप्रमाणं भटक्या कुत्र्यांची नसबंदी अन् लसीकरण स्थानिक संस्थेकडं आहे. सुप्रीम कोर्टानंही २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं, पिसाळलेली अन् हल्लेखोर सोडून बाकीची लस टोचून जागेवर परत सोडा. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानकांतून हलवायला सांगितलं. चावा घेतलेल्या लेकराच्या बापाला भूतदया शिकवायची माझी छाती नाही. म्हणूनच विचारतो, आपल्या शहरात नसबंदी किती कुत्र्यांची झाली? आकडा जाहीर करा.

हरभऱ्याच्या रानात रानडुकरांपायी रातभर जागल करणाऱ्याला विचारा, आखाड्यावर सोबतीला कोण असतं. पोरं पुण्याला, म्हातारी घरात एकटी; तिच्या उंबऱ्याशी कोण बसतं? शिळ्या भाकरीवर, रजा न टाकता. वर्षाची एक लस तेवढी द्यायची, तीही आपल्याच्यानं होत नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न कोणता नगरसेवक विचारतो, बघू.