राज्य विचारा, घराचा नंबर कशाला?

मागच्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात साताऱ्याकडच्या एक बाई आल्या. गाऱ्हाणं त्यांचं स्वतःचं नव्हतं, अमेरिकेतल्या मुलीचं होतं. मुलगी लग्न होऊन नवऱ्यामागे ओहायोत गेली. तिचा व्हिसा एच-४, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला. या व्हिसावर शिकता येतं. नोकरी मात्र वेगळा परवाना मिळालेल्या मोजक्याच जणींना करता येते. म्हणून तिनं एका विद्यापीठाचा शिक्षिकेचा अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केला. पुढे नवऱ्याची बदली टेक्सासला झाली, तीही गेली. तिथं मारहाण वाढली. एके दिवशी पासपोर्ट आणि प्रमाणपत्रं पिशवीत घालून ती बाहेर पडली आणि दुसऱ्या राज्यात एका मैत्रिणीकडे राहिली.

अभ्यास तेवढा तिनं सोडला नव्हता. पण नवीन सत्राला पहिलाच प्रश्न आला : आपण सध्या कुठे राहता? पूर्ण पत्ता भरल्याशिवाय पुढे जाता येईना. तिनं भरला. 'आपला पत्ता बदलला आहे' असं कळवणारं पत्र विद्यापीठानं तिच्या जुन्या ई-मेलवर पाठवलं. त्याचा पासवर्ड नवऱ्याला ठाऊक होता. आठवड्याभरात तो मैत्रिणीच्या दारात हजर.

"ताई, घरी बसून शिकायला पत्ता कशाला लागतो हो?" आईनं विचारलं. प्रश्न साधा आहे, आणि त्याचं उत्तर आपण नीट समजून घेतलं पाहिजे.

अमेरिकेत उच्च शिक्षणाला परवानगी देण्याचा अधिकार प्रत्येक राज्याचा आहे. विद्यापीठ एका राज्यात आणि विद्यार्थिनी दुसऱ्या राज्यात असेल, तर तिथं शिकवायला विद्यापीठाला परवानगी लागते. त्यासाठी बहुतेक सगळ्या राज्यांनी आपसांत करार केला आहे. करारातली विद्यापीठं कोणत्या राज्यात आपले किती विद्यार्थी आहेत याची आकडेवारी दरवर्षी देतात. शिवाय १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार विद्यार्थी कुठल्या राज्यात आहे हे विद्यापीठानं प्रवेशाच्या वेळी ठरवायचं असतं, आणि राज्य बदलल्याचं त्यानं रीतसर कळवलं की पुन्हा ठरवायचं असतं.

हा नियम विद्यार्थ्यांच्या भल्याचाच आहे, हे आधी मान्य करू. नर्स, शिक्षिका, समुपदेशक यांचे परवाने तिथं राज्याराज्यांत वेगळे. पैसे आणि वर्षं घालवून शिकल्यावर 'ही पदवी आमच्या राज्यात चालत नाही' असं ऐकायला लागू नये, म्हणून विद्यापीठानं आधीच सांगितलं पाहिजे. आणि याची सर्वांत जास्त गरज कुणाला? नवऱ्याच्या बदलीबरोबर बिऱ्हाड हलवणाऱ्या बाईला! तिनं एका राज्यात सुरू केलेलं शिक्षण दुसऱ्या राज्यात कुचकामी ठरू शकतं.

म्हणून आमचा विरोध नियमाला नाही. पण नियमाला हवं असतं राज्याचं नाव. गल्ली, इमारत, दाराचा नंबर यांतलं काहीही त्या कामाला लागत नाही. विद्यापीठं पूर्ण पत्ता मागतात ती बव्हंशी सोयीपोटी. आणि सोय कुणाची, याचा विचार करताना जिच्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे अशी बाई फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसते.

तिथल्या कायद्यात पळवाटा आहेत तशा आधाराच्या जागाही आहेत. विद्यार्थ्यांच्या नोंदींबाबतचा १९७४ चा कायदा म्हणतो की नोंदी विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय दाखवू नयेत. नवरा म्हणून त्याला त्या पाहायचा हक्क नाही. पण नाव, पत्ता, फोन ही माहिती 'निर्देशिकेतली' ठरवून संमतीशिवाय देण्याची मुभा त्याच कायद्यात विद्यापीठाला आहे. विद्यार्थिनीनं 'माझी माहिती देऊ नका' असं लेखी कळवलं तरच ती थांबते. किती जणींना हे ठाऊक असतं? दुसरी गोष्ट, वॉशिंग्टन राज्यानं १९९१ मध्ये छळातून सुटलेल्या बायकांसाठी पर्यायी पत्त्याची योजना सुरू केली. बाईनं सगळीकडे सरकारी पत्ता द्यायचा, टपाल तिथं येतं आणि मग तिच्याकडे पोचतं. आज बहुतेक राज्यांत अशी सोय आहे.

तेव्हा आमचं म्हणणं असं. विद्यापीठांनी राज्य तेवढं विचारावं. टपालाचा पत्ता वेगळा आणि ऐच्छिक ठेवावा. पर्यायी पत्ता विनाचौकशी स्वीकारावा. बदलाची सूचना कुठे पाठवायची हे आधी तिलाच विचारावं. 'माहिती देऊ नका' हा पर्याय प्रवेश अर्जाच्या पहिल्याच पानावर असावा.

आणि आपण? अमेरिकेतल्या मुलींचे फोन आपल्या केंद्रांवर येतात, बहुतेकदा आईमार्फत. त्यांना तीन गोष्टी सांगा. घर सोडण्याआधी स्वतःचा नवा ई-मेल उघड. माहिती रोखण्याचं पत्र विद्यापीठाला दे. राज्य बदललं तर ते मात्र लपवू नकोस, नाहीतर पदवीचा परवाना अडेल. आणखी एक : परदेशी नागरिकाला पत्ता बदलल्यावर १० दिवसांत तिथल्या इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. ते चुकवू नये. मात्र त्याआधी तिथल्या महिला संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा.

आपल्या इथल्या फॉर्मांकडेही एकदा बघू या. 'वडिलांचे/पतीचे नाव', 'कायमचा पत्ता' हे रकाने आपण किती मुकाट्यानं भरतो! माहेर सुटलेल्या आणि सासर सोडलेल्या बाईनं तिथं काय लिहायचं?

ती मुलगी आता तिसऱ्याच गावी आहे. एक सत्र बुडालं, पण पुन्हा नाव घातलं आहे. कुठे राहते ते आईलाही तिनं सांगितलेलं नाही. आईनं विचारलेलंही नाही.