डॉल्फिन काठावरूनच बघावा



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दापोलीजवळच्या मुरुडला गेलो होतो. आपल्याकडून ताम्हिणी घाट उतरला की माणगाव लागते, तिथून मंडणगडावरून दापोली. मी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आपल्या धरणाला पलीकडचा काठ दिसतो, समुद्राला दिसतच नाही.

तिथे डॉल्फिन दाखवायला होडीतून नेतात. बाबा, काका आणि दादा होडीत बसले. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून ती काठावर राहिली आणि मला तिच्यापाशी ठेवले. मी खूप रडले.

तेवढ्यात आजी म्हणाली, "अगं, ते बघ! म्हशीच्या पाठीवाणी काय वर आलं?" ते डॉल्फिन होते! दोन मोठे आणि एक पिल्लू. सावकाश वर यायचे आणि बुडायचे. मग ३-४ होड्या इंजिनाचा आवाज करत त्यांच्यामागे धावल्या. आमचे लोकपण त्यातच. डॉल्फिन बुडाले ते पुन्हा दिसलेच नाहीत. दादाने मोबाइलवर २१ फोटो काढले. सगळ्यांत नुसते पाणी! माझ्याकडे फोटो नाही, पण मी डॉल्फिन पाहिले.

बाईंनी सांगितले, डॉल्फिन मासा नाही. तो पिल्लाला दूध पाजतो. त्याला फुप्फुसे असतात, म्हणून श्वासासाठी वर यावेच लागते. पाण्यात तो आवाजावरून वाट आणि मासे शोधतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. मग दम घ्यायला वर आलेल्याच्या अंगावर होडी का घालायची?

कोणी म्हणेल, होडीवाल्यांचे पोट त्यावर आहे. खरे आहे. पण होडी लांब उभी करून इंजिन बंद ठेवता येते. डॉल्फिन निघून गेले तर गिऱ्हाईक तरी कशाला येईल?

पावसाळ्यात ताम्हिणीत पाहुणे गाड्यांचे हॉर्न वाजवतात, तेव्हा आपल्याला राग येतो. मग कोकणात आपण पाहुणे असताना तसेच का वागावे? माझे मत असे आहे की, डॉल्फिन काठावर गप्प बसून बघावा. फोटोपण तिथूनच काढावा. ठिपका आला तर आला.

बाबा आधी हसले. मग म्हणाले, पुढच्या वेळी आजीजवळ बसू. आजी मात्र अजून त्याला मासाच म्हणते. मी तिला रोज समजावते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी