पत आणि संवाद

व्यापाऱ्याचे भांडवल दोन ठिकाणी असते. एक ताळेबंदात दिसते. दुसरे गिऱ्हाइकाच्या मनात असते आणि त्याला बाजारात ‘पत’ म्हणतात. पहिल्याची मोजदाद दर वर्षी होते, दुसऱ्याची संकटाच्या दिवशी. हल्ली ज्याला ‘जनसंपर्क’ म्हणतात, ते शास्त्र मुळात या दुसऱ्या भांडवलाची निगा राखण्याचे आहे. ते कसे राखावे आणि कसे गमवावे, हे दोन्ही धडे एकाच कंपनीच्या इतिहासात सापडतात.

सप्टेंबर १९८२ च्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो परिसरात ‘टायलेनॉल’ या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्याने सात जणांचा मृत्यू झाला. कोणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड भरून बाटल्या दुकानांत ठेवल्या होत्या. तो गुन्हेगार आजतागायत निश्चित झालेला नाही. औषध होते जॉन्सन अँड जॉन्सनच्या मॅक्नील या उपकंपनीचे. त्या प्रकारच्या औषधांच्या बाजारपेठेत त्याचा वाटा सुमारे ३५ टक्के होता. कंपनीला पहिली वार्ता मिळाली ती शिकागोच्या एका बातमीदाराने चौकशीसाठी केलेल्या फोनमुळे.

विष कारखान्यात मिसळलेले नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. ‘दोष आमचा नाही’ असे म्हणून हात झटकणे कंपनीला शक्य होते आणि ते खोटेही ठरले नसते. परंतु अध्यक्ष जेम्स बर्क यांनी निराळा मार्ग धरला. औषधाच्या जाहिराती थांबवल्या, डॉक्टरांना व रुग्णालयांना इशारे पाठवले, ग्राहकांसाठी विनामूल्य दूरध्वनी सुरू केला. ऑक्टोबरच्या प्रारंभी देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत घेण्याचे ठरले. त्यांची किंमत दहा कोटी डॉलरहून अधिक होती. घरात असलेल्या कॅप्सूलच्या बदल्यात गोळ्या देण्याचीही तयारी दाखवली.

या प्रसंगातील एक छोटी घटना विशेष मननीय आहे. कारखान्यात सायनाइड नसतेच, असे कंपनीने आरंभी पत्रकारांना सांगितले होते. पुढे पुन्हा विचारणा झाली, तेव्हा तपासाअंती कळले की गुणवत्ता चाचणीसाठी प्रयोगशाळेत ते अल्प प्रमाणात वापरले जाते. त्याचा मृत्यूंशी संबंध नव्हता. तरीही ही माहिती दडवली असती आणि नंतर बाहेर आली असती, तर उरलेल्या साऱ्या सत्यावरही कोणी विश्वास ठेवला नसता. कंपनीने आपले आधीचे विधान चुकीचे होते हे मान्य केले. जमाखर्चात चुकीची नोंद खोडून लपवायची नसते. ती दुरुस्तीच्या नोंदीने सरळ करायची असते. संवादाचेही तसेच आहे.

बाजारातील वाटा ३५ टक्क्यांवरून दहा टक्क्यांच्याही खाली घसरला होता. नोव्हेंबरमध्ये तिहेरी मोहोरबंद वेष्टनात औषध पुन्हा आले आणि सुमारे वर्षभरात गेलेला बहुतेक वाटा परत मिळाला.

हे शहाणपण एका रात्रीत सुचलेले नव्हते. रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ मध्ये कंपनीचे आचारसूत्र लिहिले होते. त्यात पहिली जबाबदारी औषध वापरणारे व देणारे यांच्याप्रती, नंतर कर्मचारी, मग समाज आणि शेवटी भागधारक असा क्रम होता. हे आचारसूत्र पाळायचे नसेल तर भिंतीवरून काढून टाकावे, असे म्हणून बर्क यांनी १९८२ च्या काही वर्षे आधीच अधिकाऱ्यांमध्ये त्यावर चर्चा घडवून आणली होती. त्यामुळे संकटाच्या वेळी कोणाचे हित आधी पाहायचे, हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला नाही.

मात्र कथा येथे संपत नाही. २००९ मध्ये त्याच मॅक्नीलच्या ‘मोट्रिन’ या औषधाच्या काही गोळ्या नीट विरघळत नसल्याचे आढळले. या वेळी जाहीरपणे माल परत न घेता कंत्राटी माणसांना सामान्य गिऱ्हाईक म्हणून दुकानांत पाठवून तो गुपचूप विकत घेण्यात आला. कोणाचा जीव गेला नव्हता, रक्कमही तुलनेने किरकोळ होती. परंतु हा प्रकार उघड झाला आणि २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर कंपनीच्या प्रमुखांना चूक कबूल करावी लागली. आचारसूत्र तेच होते. ते वाचणारी माणसे बदलली होती.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या हाती आलेल्या प्रत्येक पेढीने येथे थांबून विचार करावा. दुकान वारशाने मिळते, माल आणि जागाही मिळते. पत मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावी लागते. एखाद्या मालात दोष निघाला, वजनात फरक पडला किंवा देणे वेळेवर देता आले नाही, तर गिऱ्हाइकाला आणि देणेकऱ्याला ते बाजारातून कळण्याआधी दुकानदाराकडून कळावे. बोलणारा एकच असावा आणि तो घरातील जबाबदार माणूस असावा. गल्ल्यावरच्या नोकरालाही खरी गोष्ट ठाऊक असावी, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्यालाच विचारते. जे अद्याप समजलेले नाही, त्याविषयी अंदाजाने बोलू नये. आणि ज्यांच्याशी संकटात बोलावे लागणार आहे, त्यांच्याशी चांगल्या दिवसांतही बोलणे असावे.

गुपचूप उचललेल्या मालाची किंमत हिशेबात त्या वेळी थोडीच दिसते. तिचे व्याज पतीच्या खात्यातून जाते, आणि ते किती झाले हे पुढच्या पिढीला कळते.